पागोळ्यांचं पाणी आपापल्या दारात: आमच्या चौकातल्या पस्तीस घरांना खुलं पत्र

प्रति,
आमच्या चौकातले सर्व सभासद, संस्थेच्या कार्यकारिणीचे पदाधिकारी आणि चारकोप, गोराई, मालवणीत अशाच चौकांभोवती राहणारे शेजारी यांस,

स.न.वि.वि.

गेल्या वर्षी श्रावणात, पहाटे साडेचारच्या सुमारास, कोपऱ्यावरच्या आजोबांच्या छातीत कळ आली. 108 ला फोन केला, अँब्युलन्स वेळेत रस्त्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. दोघं जण स्ट्रेचर घेऊन आत आले, आजोबांना निजवलं, सरळ बोळातून आणलंसुद्धा. आणि वळणावर अडकले. एका बाजूला शेडचा लोखंडी अँगल, दुसऱ्या बाजूला छातीएवढी नवी भिंत, तिच्यापुढे बाहेर उघडणारं ग्रिलचं फाटक. स्ट्रेचर तिरकं केलं, मागे घेतलं, पुन्हा पुढे आणलं. शेवटी आजोबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, जुन्या लुगड्याने खुर्चीला बांधलं आणि चौघांनी ती खुर्ची उचलून भिंतीवरून पलीकडे दिली. पाऊस चालूच होता. पत्र्याची धार थेट त्यांच्या तोंडावर पडत होती. सूनबाईंनी छत्री धरली होती, पण दोन शेडच्या मधल्या फटीत ती पुरती उघडत नव्हती.

आजोबा वाचले. आता संध्याकाळी नाक्यापर्यंत फिरून येतात. पण त्या वळणावर गेलेली सहा-सात मिनिटं माझ्या मनातून जात नाहीत, कारण तो अँगल माझ्या शेडचा होता.

म्हणून चौकात पुढे आलेल्या शेड आणि भिंतींबद्दलचं हे पत्र मी तक्रार म्हणून लिहीत नाही. चौकातली पहिली पक्की शेड माझी, तेव्हा बोलण्याची पहिली जबाबदारीही माझीच आहे.

गेल्या काही वर्षांत राहायला आलेल्यांना कदाचित ठाऊक नसेल, म्हणून थोडं मागचं सांगते. आपली वस्ती कुण्या बिल्डरने बांधलेली नाही. 1985 साली जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला, त्यात म्हाडाने इथे ‘साइट अँड सर्व्हिस’चे प्लॉट आखले. पाणी, मलवाहिनी, रस्ता आणि आखलेला तुकडा मिळणार, घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचं, अशी ती योजना. बहुतेकांच्या वाट्याला 25 ते 40 चौरस मीटर जागा आली. पस्तीसेक प्लॉटची एक संस्था आणि मधे सगळ्यांचा मिळून एक चौक. एवढ्याशा जागेत चार-पाच माणसांचं कुटुंब राहणार हे आखणाऱ्यांना माहीत होतं, म्हणूनच मधली जागा मोकळी सोडली होती. आपल्या घराचा एक खोलीभर हिस्सा त्या चौकात होता, फक्त तो पस्तीस जणांमध्ये मिळून होता.

आम्ही 1991 च्या मे महिन्यात इथे आलो. माझी मुलगी त्या चौकात चालायला शिकली. पापड, कुरडया, हळदीकुंकू, दोन लग्नांचे मांडव, बारावीच्या पोरांचा उन्हाळ्यातला अभ्यास, सगळं तिथेच. 26 जुलै 2005 च्या रात्री ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांची गाद्या-भांडी माडी असलेल्यांकडे वर चढवली, ती याच चौकातून हातोहात.

आता माझ्या शेडची गोष्ट. 1996 च्या पावसाळ्यात वाऱ्याने दारातून पाणी आत यायला लागलं म्हणून चार बांबू रोवून निळी ताडपत्री बांधली. दसऱ्याला सोडली. पुढच्या वर्षी ह्यांनी म्हटलं, दर वर्षी बांबू-सुतळीचा खर्च कशाला, पत्रा टाकून घेऊ. पत्रा पडला तो दसऱ्याला निघाला नाही. मग स्कूटर आली. तिला ऊन लागतं म्हणून पत्रा अडीच फूट पुढे सरकला. स्कूटर कुणी नेईल म्हणून बाजूने ग्रिल आलं. ग्रिलखालून कुत्री शिरतात म्हणून तीन फूट विटांचं काम केलं. विटा आल्या तर आत फरशीही हवी. फरशीवर वॉशिंग मशीन बसलं, त्याचं पाणी चौकाच्या गटारात सोडलं. हे सगळं व्हायला बारा वर्षं लागली आणि त्या बारा वर्षांत एकही दिवस असा आला नाही, की आज आपण चौकाची जागा घेतो आहोत असं आम्हाला वाटलं. प्रत्येक वेळी कारण होतं आणि प्रत्येक कारण खरं होतं. तुमच्या घरी विचारून बघा, हाच क्रम थोड्याफार फरकाने सापडेल. कुणाकडे स्कूटरच्या जागी शिलाई मशीन असेल, कुणाकडे म्हाताऱ्या आईची खाट.

मुंबईच्या विकास नियमावलीत पावसापासून आडोसा म्हणून केलेल्या बांधकामाची गणती तात्पुरत्या बांधकामात केलेली आहे, तीही परवानगी घेऊन आणि फक्त पावसाळ्यापुरती. आपल्याकडे ‘पावसाळी शेड’ हे नाव तेवढं उरलंय. मला विचाराल तर ते नाव आपण पुन्हा खरं करावं. जूनला चढवा, दिवाळीच्या आत उतरवा. ज्यांना कायमची शेड खरोखर लागते, ज्यांच्या दारावर नैऋत्येचा वारा सरळ येतो, त्यांच्यासाठी वेगळा विचार करू. पण मग तिला ‘पावसाळी’ म्हणू नये.

पाण्याचं मी जरा विस्ताराने लिहिणार आहे, कारण आपली निम्मी भांडणं त्यावरून झालेली आहेत.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. दहा बाय बाराची शेड म्हणजे साधारण 11 चौरस मीटर पत्रा. मुंबईत जोराच्या दिवशी 100 मिलिमीटर पाऊस सहज होतो, म्हणजे एका शेडवरून 1,100 लिटर. 26 जुलैला सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. त्या हिशेबाने एकाच शेडचं पाणी दहा हजार लिटरच्या वर जातं, म्हणजे पाण्याचा एक आख्खा टँकर. आता पस्तीस घरांचा गुणाकार तुम्ही करा. पूर्वी या पाण्यातलं थोडं तरी मातीत जिरायचं, उरलेलं जागोजागी विखरून पडायचं. आता ते एका रेषेत पडतं, पेव्हर ब्लॉकवरून धावत मधल्या एकाच गटारावर येतं, आणि ते गटार आपण शेडच्या खांबांनी दोन ठिकाणी आवळलेलं आहे. त्या खांबांपाशी दर जुलैमध्ये प्लास्टिक अडकतं. मी स्वतः दोनदा हात घालून काढलंय.

आमच्या गावाकडे, सिंधुदुर्गात, घर बांधताना पागोळी आपल्याच जागेत पडेल एवढं अंतर सोडतात. शेजाऱ्याच्या गडग्यावर आपली पागोळी पडली तर ती लाजेची गोष्ट मानतात. कोकणातल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. आणि आपल्या चौकात निम्मी घरं कोकणातली! तरीही आज सात शेड अशा आहेत की ज्यांचा उतार शेजाऱ्याच्या पायरीवर आहे. त्या सातांपैकी एकाच्या पत्र्याला पन्हळ आहे, तीही मधोमध गंजून फुटलेली. पन्हळ आणि खाली पाइप याला फार मोठा खर्च येत नाही. शेजाऱ्याची भिंत ओलीने फुगल्यावर तिचा गिलावा काढून परत करायला त्याहून कितीतरी जास्त येतो, आणि तुटलेलं बोलणं तर येतच नाही परत.

पत्रा बसवण्याकडेही कुणी पाहत नाही. आपण खाडीच्या वाऱ्यात राहतो. गेल्या महिन्यात मी शिडी लावून माझ्या शेडचे जे-हुक, म्हणजे पत्रा धरून ठेवणारे आकडे, तपासले. एकाचा नट बोटांनी फिरवला तर तो भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यासारखा हातात चुरला. वरून रंग नीट होता, आत लोखंड उरलंच नव्हतं. 17 मे 2021 ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं तेव्हा आपल्या चौकातून तीन पत्रे उडाले, एक जाऊन पिंपळात अडकला. त्या वेळी लॉकडाउन होतं, मुलं घरात होती, म्हणून निभावलं. उडालेला पत्रा म्हणजे कोयताच, हे मी वेगळं सांगायला नको.

आता उजेडाचं. 1896 ला मुंबईत प्लेग आला. कोंदट, अंधाऱ्या चाळींमध्ये तो पसरताना सगळ्यांनी पाहिला, आणि 1898 ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टने पुढे घरांच्या उजेडासाठी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा आग्रह धरला. साध्या भाषेत त्याचा अर्थ असा, की समोर जेवढी मोकळी जागा असेल त्याच्या दुपटीहून भिंत उंच नको, तरच तळमजल्याच्या खोलीत पुरेसं आकाश दिसतं. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्यांनी माणसं मरताना पाहिली त्यांचा हा हिशेब आहे. आपल्या घरांवर माड्या चढल्या, काही ठिकाणी तळमजल्यावर दोन मजले झाले, ते मी समजू शकते, कुटुंबं वाढली. पण माडी वर गेली तशी खालची जागा रुंद राहायला हवी होती, आणि आपण दोन्ही बाजूंनी पत्रे पुढे आणून तीच अरुंद केली. आमच्या रांगेतल्या एका घरात दहावीची मुलगी आहे. ती दुपारी बाराला ट्यूब लावून अभ्यासाला बसते. तिच्या खिडकीसमोरचा पत्रा काढला तर तो खर्च एका दुपारचा आहे. 1882 च्या सुखाधिकार कायद्यात 20 वर्षं विनाअडथळा मिळालेल्या उजेडावर आणि हवेवर घराचा हक्क मानलेला आहे. तिचं घर तर तीस वर्षांहून जुनं. तिच्या आईने कधी हा हक्क सांगितला नाही, कारण समोरच्या काकूंशी तिचं चांगलं आहे. चांगलं आहे म्हणून गप्प बसणाऱ्याला अंधार मिळावा, हे मला पटत नाही.

कुंपणाबद्दल. मी आले तेव्हा बहुतेक घरांपुढे तारेचं कुंपण होतं, नाहीतर तगरीची आणि मेंदीची ओळ. स्वयंपाकघरातून चौक दिसायचा. कुणाचं पोर पडलं तर चार दारांतून चार बाया उठायच्या. आता पाच-साडेपाच फुटांच्या बंद भिंती आहेत आणि दोघांच्या भिंतींवर काचा लावलेल्या आहेत. कारण चोरीचं सांगतात. दोन वर्षांपूर्वी जी चोरी झाली ती सगळ्यांत उंच भिंतीच्या घरात झाली, हे आपण विसरलो आहोत. बंद भिंतीवरून एकदा माणूस आत उतरला की तिच्या आडोशाला तो निवांत कुलूप तोडतो, समोरून कुणाला दिसत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत कंपाउंडच्या भिंतीची साधारण मर्यादा 1.5 मीटर सांगितली आहे. 2.4 मीटरपर्यंत जायचं तर वरचा 0.9 मीटर भाग उघडा, म्हणजे आरपार दिसणारा हवा. कोपऱ्यावरच्या प्लॉटला तर वळणापासून 10 मीटरपर्यंत भरीव भिंत 0.75 मीटरच, वरचं हवं तर जाळीचं. ही कोपऱ्याची अट मी तीनदा वाचली. ती पाळली असती तर आजोबांची खुर्ची त्या पहाटे भिंतीवरून उचलावी लागली नसती, आणि त्या कोपऱ्यावरून अचानक बाहेर येणाऱ्या बाइकने छोट्या मुलाला धडक दिली तीही टळली असती.

मोठ्या प्लॉटसाठी लिहिलेली मापं आपल्या एवढ्याशा दारांना जशीच्या तशी बसणार नाहीत, हे मला कळतं. आपल्याकडे दीड मीटरची बंद भिंतसुद्धा फार झाली. म्हणून आपली मापं आपण ठरवावीत, संहितेपेक्षा कडक, सैल नव्हेत. कमरेच्या वर भिंत नको, त्यावर हवी तेवढी जाळी किंवा ग्रिल. काचा आजच काढाव्यात, त्याला ठरावाची वाट पाहू नये. फाटक आत उघडावं किंवा सरकतं असावं.

आजवर आपण काय करत आलो? ज्याला राग आला त्याने पालिकेत तक्रार केली. मग बेकायदा बांधकामाबद्दल पालिका कायद्याच्या कलम 351 ची नोटीस येते, काम चालू असेल तर ते थांबवायची, 354 अ ची. ज्याला नोटीस आली तो समोरच्याच्या ग्रिलचे फोटो काढून उलट तक्रार करतो. दोन्ही घरं वकिलाला पैसे देतात. चौकात 2014 साली हे झालं, त्या दोन घरांतल्या बायका आजही एका वेळी गच्चीवर कपडे वाळत घालत नाहीत. शेड तिथेच आहेत. नोटीस चुकीची होती असं मी म्हणत नाही, कायदा आहे तो आहेच. पण नोटीस कुणाच्या तरी रागातून एका घरावर येते, आणि आपला प्रश्न पस्तीस घरांचा आहे. एकाच दारावर पडलेल्या हातोड्याने बाकी चौतीस जण फक्त घाबरतात, पत्रा कुणी मागे घेत नाही.

म्हणून माझं मागणं संस्थेकडे आहे. सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये स्पष्ट लिहिलंय, की सभासदाने समितीच्या परवानगीशिवाय बांधकामात फेरफार करू नयेत. आपल्या समितीने आजवर एकालाही लेखी परवानगी दिलेली नाही आणि एकालाही नाकारलेली नाही. कारण मागितलीच नाही कुणी, आम्हीसुद्धा. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत होईल, पण तोवर पाऊस येऊन गेलेला असेल. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर विशेष सभा बोलवावी लागते. पस्तीसमध्ये सात सह्या. चार माझ्याकडे आहेत.

त्या सभेत मला एवढंच ठरवून हवंय. चौकाभोवती सलग एक वाट मोकळी, किती रुंद ते स्ट्रेचर प्रत्यक्ष फिरवून ठरवू. मी मोजलं तेव्हा आपल्या वळणावर अंतर पावणेचार फूट भरलं, आणि तिथे ते वळलं नाही. त्या वाटेत खांब नको, पायरी नको, कुंडी नको, आणि गाडीही नको, ही अट तरुण मुलांना जड जाईल पण त्यांच्याच आजी-आजोबांसाठी आहे. प्रत्येक शेडचा उतार स्वतःच्या दाराकडे किंवा पन्हळीतून पाइपने खाली. मीटरच्या पेटीवर आणि गॅस सिलिंडरच्या जागेवर प्लास्टिकचे पत्रे नकोत, आणि शेडच्या ग्रिलला आतून कुलूप असेल तर त्याची किल्ली दाराजवळच खिळ्याला. हे शेवटचं कुणाला किरकोळ वाटेल. रात्री धूर झाला की किल्ली शोधायला वेळ नसतो.

शेडखाली ज्यांचं पोट आहे त्यांना मी विसरलेले नाही. शिलाईचं काम करणाऱ्या ताई, पोळीभाजीचे डबे करणाऱ्या वहिनी, आणि खाटेवरच्या आई, ज्यांना त्या पत्र्याखालीच वारा मिळतो. त्यांना उद्या उठा म्हणणं मला मान्य नाही. त्यांच्या शेड किती मागे घेता येतील ते त्यांच्याबरोबर बसून ठरवावं, लागेल तो खर्च संस्थेच्या दुरुस्ती निधीतून उचलावा, आणि मुदत एका पावसाळ्याची नाही, दोन वर्षांची द्यावी. पण जिथे शेड बंद करून खोली केली आणि भाड्याने दिली, तिथे ही सवलत नको. आता ती तीन घरं माझ्यावर नाराज होतील. त्यांच्या भाडेकरूंना नवी जागा मिळेपर्यंत थांबावं, मालकांसाठी थांबू नये.

आणि ठराव झाला की मापाचा कागद नोटीस बोर्डावर लावावा, घर क्रमांकासह, माझ्या घरापासून सुरुवात करून. घर भाड्याने देताना, विकताना तो कागद दाखवावा, म्हणजे नवीन माणूस ‘मला कुणी सांगितलं नाही’ म्हणणार नाही. आम्हालाही 1996 साली कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता वेल्डर येतो आहे. माझा पत्रा अडीच फूट मागे जाईल, वळणावरचा अँगल कापला जाईल, विटांचं काम फुटेल आणि नवी पन्हळ चढेल. स्कूटर आता नाहीच, ह्यांच्या पश्चात ती विकली. वॉशिंग मशीन मोरीत घेते आहे. दिवसभर आवाज होईल, धूळ उडेल, त्याबद्दल आधीच माफी मागते. कुणाला त्याच दिवशी आपलं काम करून घ्यायचं असेल तर वेल्डरने दोन घरांची मजुरी कमी लावायचं कबूल केलंय, शनिवारी रात्रीपर्यंत मला सांगावं. मोजपट्टी आणि सह्यांचा कागद माझ्या पायरीवर ठेवलेला असेल. तीन सह्या हव्या आहेत.

आपली,
वळणावरच्या घरातली सभासद
चारकोप, कांदिवली (पश्चिम)